सशाला आजोबांचा टीबी होईल का?

मागच्या महिन्यात हिंगोलीहून भाचीचा फोन आला. वय वर्षं नऊ. तिच्याकडे एक पांढरा ससा आहे, लाल डोळ्यांचा, कोथिंबिरीच्या काड्यांवर पोसलेला. आणि तिच्या आजोबांना क्षयाचं निदान झालंय. औषधं सुरू आहेत, काळजीचं फारसं कारण नाही. पण घरात लगेच चर्चा सुरू झाली की आता तो ससा कुणाला तरी देऊन टाका. का? तर "जनावरामुळे आजार वाढतात." भाचीचा प्रश्न बरोब्बर उलटा होता. "मामा, आजोबांचा टीबी माझ्या सशाला होईल का रे?"

मी नेहमीप्रमाणे "बघून सांगतो" म्हटलं आणि पुढचे दोन वीकांत त्यात गेले. कारण या प्रश्नाला चक्क दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात ससा हे पात्र मध्यभागी आहे. मुंबईही आहे, पण ती नंतर येते.

आधी एक छोटा खुलासा. मराठीत आपण 'ससा' या एका शब्दात दोन वेगळे प्राणी कोंबतो. शेतात तुरीच्या ओळींतून धूम पळतो तो आपला रानससा. तो बिळात राहत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला पकडणं गुन्हा आहे. पिंजऱ्यात मिळतो तो मूळचा युरोपातला, माणसाळवलेला. भारतीय रानात त्याचं कुळ नाही. खाली जिथे जिथे ससा आहे तो हाच, पिंजऱ्यातला.

तर, सन १८६५, पॅरिस. झां-आंत्वान व्हिलमँ नावाचा एक लष्करी डॉक्टर. त्या काळी क्षय हा 'घराण्यातला' रोग समजला जायचा. (आपल्याकडे स्थळ बघताना "त्यांच्या घरात क्षय आहे का हो?" असं हळूच विचारायचे, ती हीच समजूत.) व्हिलमँला मात्र दिसत होतं की मोकळ्या खेड्यातून आलेले धडधाकट शिपाई बराकीत राहायला लागले की खंगतात. त्याने क्षयाने गेलेल्या एका माणसाच्या फुप्फुसातला थोडा भाग घेतला आणि सशाच्या कानामागे कातडीखाली घातला. एकाच विणीतलं दुसरं पिल्लू तसंच ठेवलं, तुलनेसाठी. साडेतीन महिन्यांनी दोन्ही उघडून पाहिले. टोचलेल्या सशाच्या फुप्फुसात क्षयाच्या गाठी, दुसरा स्वच्छ.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर १८६५ मध्येच आलं होतं : होय, माणसाचा क्षय सशाला देता येतो. 'देता येतो' हे शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे लागतील.

त्या वर्षी ५ डिसेंबरला व्हिलमँने फ्रेंच वैद्यक अकादमीत हे सांगितलं. ज्येष्ठ मंडळींनी ते फार मनावर घेतलं नाही. रोग संसर्गाचा निघाला तर प्रत्येक क्षयी माणसाच्या घरावर केवढी आपत्ती, हाही एक आक्षेप होता. सतरा वर्षांनी, २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये जंतूच दाखवला आणि वाद मिटला. (समजूत मात्र मिटायला वेळ लागला. आपल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, तेव्हा जंतू सापडून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि त्यावर नेमकं औषध यायला अजून साठ वर्षं होती.)

व्हिलमँच्या नोंदींत एक गोष्ट दडलेली होती. माणसाकडून घेतलेला क्षय सशात हळू, थोडक्यात पसरतो. गायीकडून घेतलेला मात्र झपाट्याने सगळ्या शरीरात जातो. कॉखच्या दबदब्यात हे मागे पडलं. पुढे १८९८ मध्ये थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन संशोधकाने गायीचे आणि माणसाचे जंतू वेगवेगळे आहेत हे पद्धतशीर दाखवलं. आणि या दोघांना ओळखायची चाचणी कुठली? ससा! सशाला टोचा. ससा क्षयाने मेला तर जंतू गायीचा. ससा दोनचार गाठींवर निभावून टुणटुणीत राहिला तर जंतू माणसाचा. पुढची कित्येक दशकं प्रयोगशाळांमध्ये हाच न्यायाधीश होता.

नंतर गंमत झाली. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत कॉखने जाहीर केलं की गायीचा क्षय माणसाला जवळजवळ होतच नाही, दुधासाठी फार खटपट नको. म्हणजे दोन जंतू वेगळे हे बरोबर, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक. लिस्टरने तिथल्या तिथे शंका काढली, ब्रिटिश सरकारने आयोग नेमला. आयोगाने वासरं, ससे, माकडं वगैरेंवर दहा वर्षं प्रयोग करून १९११ मध्ये सांगितलं की गायीचा क्षय माणसाला होतो, विशेषतः दूध पिणाऱ्या लहान मुलांना. पत्रिका वेगळी असली तरी घरात शिरायला अडचण नसते. आपल्याकडे दूध उकळूनच प्यायची सवय आहे, तिने किती मुलं वाचवली असतील कोण जाणे.

पुढे फिलाडेल्फियात मॅक्स लुरी नावाच्या माणसाने अख्खी कारकीर्द सशांच्या क्षयावर घातली. त्याचे ससे माणसाच्या क्षयाचे जंतू श्वासातून घेत. बहुतेकांच्या फुप्फुसात थोड्या गाठी होत आणि शरीर त्या आवरून टाके. म्हणून भाचीला मी सांगितलं : आजोबांचा टीबी तुझ्या सशाला होण्याची शक्यता फार कमी, औषधं नियमित चालू असतील तर काही आठवड्यांत आणखी कमी. आजोबांनी खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, ससा त्यांच्या खोलीत ठेवायचा नाही. आणि ससा कुणाला द्यायची गरज नाही. आजोबांचा आजार सशाने आणलेला नाही आणि सशामुळे वाढणारही नाही.

पण हेच उत्तर मी गिनिपिगबद्दल दिलं नसतं. गिनिपिगला माणसाचा क्षय इतक्या सहज होतो की कित्येक वर्षं रुग्णाची थुंकी गिनिपिगला टोचणं हीच निदानाची पद्धत होती. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरला रायली आणि वेल्स यांनी तर सुई बाजूलाच ठेवली. क्षयाच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळाने छपरावरच्या गिनिपिगांच्या पिंजऱ्यात सोडली, बस्स. महिन्याला सरासरी तीन गिनिपिगांना लागण होत गेली. क्षय हवेतून पसरतो याचा तो भक्कम पुरावा. आणि आकाराने मोठं असणं हे काही संरक्षण नाही : पाळीव हत्तींना माणसांकडून, बहुधा माहुतांकडून, क्षय झाल्याची उदाहरणं भारतात आहेत.

आता 'देता येतो' आणि 'होतो' यातला फरक. डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसच्या एका इस्पितळात पाच वर्षांचं एक मूल पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेलं. पाश्चरने त्याची लाळ पाण्यात कालवून सशांना टोचली. ससे दोन दिवसांच्या आत मेले. पिसाळ सापडला की काय! तर नाही. तेच जंतू इतर आजारांनी गेलेल्या मुलांच्या लाळेत आणि चांगल्या निरोगी माणसांच्या लाळेतही निघाले. जवळपास त्याच सुमाराला जॉर्ज स्टर्नबर्ग या अमेरिकन लष्करी डॉक्टरने स्वतःची लाळ सशांना टोचली, तेही मेले. स्टर्नबर्ग ठणठणीत! ते जंतू म्हणजे न्यूमोनियाचे न्यूमोकॉकस. आपल्यातले कितीतरी लोक ते घशात बाळगून हापिसात जातात, मीटिंगा करतात.

म्हणजे निरोगी माणसाची थुंकी सशाला मारू शकते, जर ती सुईतून कातडीखाली गेली तर. घरात ससा मांडीवर बसला म्हणून असं होत नाही. प्रयोगशाळेतला ससा आणि घरातला ससा यांच्यामध्ये एक सुई आहे. (सशाची नेहमीची सर्दी, ती वाहणारं नाक नि चिकट पंजे, ती बहुधा पाश्चरच्याच नावाच्या पाश्चुरेला जंतूची असते. तुमच्या ऑफिसातल्या सर्दीशी तिचा संबंध नाही.)

आता मुंबई. कारण संसर्गाचा बाण कुठून कुठे जातो हे चुकलं की काय होतं, याचा सगळ्यात महागडा धडा आपल्याच राज्यात आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला मिळालं काय, तर एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू त्याने मटणाच्या रश्श्यात वाढवले, गोमांसाचा नाही तर बकऱ्याचा, लोकांच्या भावना लक्षात घेऊन. आणि वर तुपाचे थेंब तरंगत सोडले! जंतू त्या तुपाला लटकून झुंबरासारखे खाली वाढत. मग तापवून ते मारायचे, झाली लस. रुग्णांकडून मिळालेले जिवंत जंतू सशांना टोचले की ससे मरत. आधी लस दिलेले वाचत. सशांवर खात्री पटल्यावर १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने ती लस स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये गेलेली ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. नाव १९२५ मध्ये दिलं.

इथेही ससा माणसाच्या रोगाने मरत होता, पण पुन्हा सुईने. खऱ्या जगात प्लेग एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो हे हाफकिनच्या सशांनी सांगितलं नाही, आणि सरकारला तर ते माहीत आहे असंच वाटत होतं : माणसाकडून माणसाला, त्याच्या कपड्यांतून, घाणीतून. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. माणसं ओढून छावण्यांत नेली, घरं धुतली, सामान जाळलं. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी देवघरापर्यंत जाऊन झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. तो भाग सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. शाळेत हे मात्र कुणी सांगत नाही की फुप्फुसाचा प्लेग सोडला तर ज्या बाणावर ही सगळी यंत्रणा उभी होती तो बाणच चुकीचा होता.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदीर-पिसू-उंदीर असा प्रयोग करून दाखवला. त्याला हसले. मग १९०३ मध्ये मुंबईच्या राणीच्या बागेत गिनिपिग पटापट मेले. परळच्या प्रयोगशाळेतला ग्लेन लिस्टन बघायला गेला. गिनिपिगवर एरवी पिसवा फारशा नसतात. या मेलेल्यांवर भरपूर होत्या, त्याही उंदराच्या. कुणी त्यांना सुई टोचली नव्हती, कुणी प्लेगचा रोगी त्यांच्या पिंजऱ्यात गेला नव्हता. लिस्टनने हाच धागा पकडला आणि उंदीर मेलेल्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा वेचल्या. तिथेही उंदराच्या पिसवा सापडल्या. उंदीर संपले की पिसवा गिनिपिगवर जातात किंवा माणसावर जातात, त्यांना काय त्याचं!

१९०५ पासून प्लेग आयोगाने मुंबईत मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत हे पक्कं केलं. पिसू नसतील तर आजारी आणि निरोगी गिनिपिग एकत्र ठेवले तरी काही होत नाही. आजारी आईचं दूध पिणारी पिल्लंही ठीक. पिसू असतील तर पिंजरा त्यांच्या उडीच्या वर टांगला की आतले वाचतात, खाली ठेवला की मरतात. मला हा प्रयोग फार आवडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. प्रॉडक्शनवर बग शोधताना आम्ही हेच करतो, फक्त इतक्या शिस्तीत नाही.

आणि आमच्याकडची जुनी माणसं? "उंदीर पडायला लागले" की गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या, ही पणजोबांच्या पिढीची रीत आजोबांच्या बोलण्यात मी ऐकलेली आहे. कुणाला पिसू माहीत नव्हती, पण बाणाचं टोक आणि शेपूट त्यांना बरोबर कळलं होतं.

तुम्ही म्हणाल जुन्या गोष्टी. फेब्रुवारी-मार्च २०२० आठवा. कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली, महाराष्ट्रात कोंबडीचे भाव मातीमोल झाले, पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या. कोंबड्यांचा काही संबंध नव्हता. बाण उलट दिशेने मात्र जात होता : माणसाकडून कुत्र्या-मांजरांना, युरोपातल्या फार्मांमधल्या मिंकना, आणि मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांना (मराठवाड्याची जुनी राजधानी, म्हणून जरा जास्त लक्ष दिलं). सिंह बरे झाले. सशांचं काय? नेदरलँड्समध्ये प्रयोगशाळेत सशांच्या नाकात विषाणू सोडून पाहिला. लागण झाली, ससे आजारी पडले नाहीत. पुन्हा तेच : देता येतो.

मग घरच्या घरी, सुईशिवाय, मालकाकडून सशाला आजार गेल्याचं खरं उदाहरण आहे की नाही? आहे, आणि ते अनपेक्षित जागी आहे. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुळ्यांचा घोस येतो ना, तो हर्पीसचा विषाणू. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो झोपलेला असतो. १९२० च्या सुमारास ग्रुटर नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने तो माणसाच्या डोळ्यातून सशाच्या डोळ्यात नेऊन दाखवला होता. सशात हा विषाणू मेंदूपर्यंत जातो हेही तेव्हाच कळलं. पण ते प्रयोगशाळेत. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून युरोपात आणि उत्तर अमेरिकेत घरच्या सशांचे मोजकेच रुग्ण नोंदले गेले : ससा अचानक गोल गोल फिरतो, लाळ गाळतो, झटके येतात, मरतो. मेंदू तपासला तर माणसाचा हर्पीस. जर्मनीतल्या एका प्रकरणात मालकिणीच्या ओठावर आणि चेहऱ्यावर काही दिवस आधी जोरदार पुळ्या आल्या होत्या. तेव्हा ओठावर पुळी असताना सशाचे मुके घेऊ नका. नायटाही इकडून तिकडे जाऊ शकतो, पण तो जास्त करून सशाकडून आपल्याकडे येतो.

शेवटचं उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवलंय, कारण ते आमच्या धंद्यातल्या माणसाची झोप उडवणारं आहे.

युरोपात मांसासाठी ससे पाळणाऱ्या फार्मांमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूने फोड, गळवं, मादीच्या सडांना सूज अशी मोठी डोकेदुखी केली. हा जंतू आपल्याही नाकात, कातडीवर असतो. २०१५ मध्ये स्पेन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी सशांतल्या या जातीची वंशावळ काढली. ती सशांची नव्हतीच. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, म्हणजे १९७० च्या दशकाच्या आसपास, ती माणसातून सशात उडी मारून आली होती. कुणी मुद्दाम टोचली नव्हती. फार्मवरच्या कुठल्या तरी माणसाच्या हातावरून, नाकातून आली असणार.

आणि उडी मारायला लागलं काय? या जंतूच्या गुणसूत्रात सुमारे अठ्ठावीस लाख अक्षरं असतात. त्यातलं एका जनुकातलं एक अक्षर बदललं. एक! संशोधकांनी माणसातला जंतू घेऊन तेवढं एकच अक्षर बदलून पाहिलं, तर एरवी सशाला थोडक्यात काही न करणारा जंतू अगदी कमी मात्रेतही सशाला आजारी पाडू लागला. अठ्ठावीस लाख अक्षरांच्या कोडबेसमध्ये एका अक्षराचा डिफ, रिव्ह्यू नाही, टेस्ट नाही, थेट प्रॉडक्शन.

त्या कुळाचे मूळ जंतू आजही माणसांमध्ये आहेत आणि फोड-पुळ्या करतात. सशांत गेलेली शाखा फार्मांमधून देशोदेशी पसरली. हाताला पू असलेली जखम असेल तर पट्टी बांधून, हात धुऊन मगच पिंजऱ्यात हात घालायचा, हे भाचीला सांगायचं राहिलं होतं, कालच सांगितलं. तिने विचारलं, "आणि सशाने हात धुवायचे का?" :-)